पंगतीतलं पहिलं ताट

१ जानेवारी २०२३, पहाटे साडेपाच
संकल्प. यंदा पीएच.डी. करायची. ऑनलाइन. दुकान सांभाळून.
कारण लिहून ठेवतो, पुढे चरित्र लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल. गेल्या दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे नाटकांच्या गावजत्रेला, सासरी अड्याळला गेलो होतो. नाटकाचं उद्घाटन माझे साडू अनुपराव यांच्या हस्ते. का, तर ते डॉक्टरेट. पँफ्लेटवर ‘मा. डॉ.’ छापलेलं. मी मोठा जावई, मोहाडीत साड्यांचं दुकान, एम.ए. सेकंड क्लास, आणि मला काम काय, तर त्यांचा मोबाइल धरून फोटो काढायचं. तेही चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी पंगतीत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिलं ताट अनुपरावांपुढे ठेवलं. मोठा जावई शेजारी बसलेला असताना. फार लागलं. रीताला सांगितलं तर म्हणाली, ‘मंग तुमी उपाशी उठले का? तीनदा भात घेतला.’ बायकोला मुद्दा कळत नाही.
रोज पहाटे चारला उठणे. (आज साडेपाच झाले. नवीन वर्ष आहे, चालतं.)

४ जानेवारी
विद्यापीठ सापडलं. इंटरनॅशनल. नाव लांबलचक आहे, पत्ता नाही. रीताने विचारलं, ‘पत्ताच नाही तं शिकवून कुठं राहिले?’ ऑनलाइनला पत्ता कशाला? गुगलचं घर कोणी पाहिलं आहे?
प्रवेश परीक्षा आजच दिली, आजच पास. पाच प्रश्न होते, त्यातला एक जन्मतारखेचा.
विषय: ‘पूर्व विदर्भातील हातमागाच्या साड्या: एक सामाजिक-आर्थिक अभ्यास’. आमच्या घरी आजोबांपर्यंत माग चालत होता. विषय रक्तातच आहे म्हटल्यावर वाचन थोडं कमी झालं तरी हरकत नाही.

२६ जानेवारी
आज पहिलं प्रकरण सुरू करणार होतो. झेंडावंदन.

९ फेब्रुवारी
पहाटेचा बेत रद्द. थंडीत मेंदू आखडतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहिणार. रोज चार पानं.

१० फेब्रुवारी, दुपार
झोप लागली. गिऱ्हाइकाने उठवलं.

१५ एप्रिल
गाईडचा फोन. सर आहेत की मॅडम, नेटवर्कमुळे कळलं नाही. संदर्भ साहित्य पाठवा म्हणाले, त्यावरून दिशा ठरवू. माझ्याकडे दुकानाच्या कॅलेंडरशिवाय छापील काही नाही. म्हणून अनुपरावांकडे त्यांचा प्रबंध मागितला. लगेच पाठवला, खाली लिहिलं, ‘दादा, काही मदत लागली तर सांगा.’ घाबरलेला माणूस असाच गोड बोलतो.
त्यांचा विषय तलावांवरची मासेमारी. सात वर्षं गावोगावच्या तलावांच्या पाळीवर बसून होते, मामाजींच्या शेतातल्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावरसुद्धा. बोडीतले मासे पाहायला सात वर्षं? मी उघडून पाहिला नाही. दुसऱ्याचा प्रभाव पडला की आपली शैली जाते. तसाच गाईडला फॉरवर्ड केला. ‘इतका जाड पाहिजे,’ एवढंच लिहिलं.

२ जून
लग्नसराई. संशोधन बंद. तरी एक निरीक्षण: बाई पन्नास साड्या उलगडायला लावते आणि पहिली दाखवलेलीच घेते. प्रबंधात घालणे.

१८ जुलै
विद्यापीठाची ‘लेखन साहाय्य’ नावाची योजना आहे. प्रबंध तेच लिहून देतात. आधी मन कचरलं. मग विचार केला, दुकानातल्या साड्या मी स्वतः विणतो का? तरी पाटीवर नाव माझंच आहे. हो म्हटलं. रीता म्हणाली, ‘मंग परीक्षाही तेच देतीन का?’ संशोधकाच्या घरात शांतता हवी असते.

१२ सप्टेंबर
प्रबंध आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, माझं नाव. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. पावणेदोन किलो. दिवसभर गल्ल्याशेजारी ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, हात मात्र लावू दिला नाही.
अजून वाचलेला नाही. आपलं लिखाण लगेच वाचू नये. लोणच्यासारखं मुरू द्यावं.

५ ऑक्टोबर
व्हायव्हा. फोनवर. तरी कोट घातला. तीन प्रश्न: नाव काय, आवाज येतो का, सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का. तिन्ही उत्तरं बरोबर. ‘काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर,’ म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. दुकानाची पाटी लगेच रंगवायला टाकली.
अनुपरावांना कळवलं. त्यांनी हळूच विचारलं, दादा, मान्यता तपासली का, ऑनलाइन पीएच.डी. धरत नाहीत म्हणे. जळफळाट, दुसरं काय. सात वर्षं घालवलेल्या माणसाला माझे नऊ महिने कसे सोसतील? बाळंतपणही नऊ महिन्यांतच होतं, त्याला कोणी मान्यता विचारत नाही.

२९ ऑक्टोबर
मामाजींचा फोन. नाटक मंडळाचे तेच अध्यक्ष. म्हणाले, ‘जवाईबापू, यंदा उद्घाटन तुमीच करा. पुस्तकाचं प्रकाशनबी ठेवून देऊ. पहिले मले वाचाले पाठवा.’ पाठवला. मामाजी सातवी शिकलेले, पोथीसारखं ओळीखाली बोट ठेवून वाचतात. दोन पानांच्या पुढे जाणार नाहीत, पण आदर वाटला हे महत्त्वाचं.

१८ नोव्हेंबर, सकाळ, अड्याळ
चौकात पँफ्लेट लागलं आहे. ‘उद्घाटक: मा. डॉ. मोतीलालजी.’ तीन वेळा चहाच्या निमित्ताने जाऊन आलो.
मामाजींनी प्रबंध पूर्ण वाचला. म्हणाले, ‘लय मेहनत हाये. सात वर्साची तं असनच.’ नऊ महिन्यांचं काम सात वर्षांचं वाटावं, यालाच दर्जा म्हणतात. इतके खूश त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. एकटेच हसत होते. अनुपराव मात्र मान खाली घालून बसलेले. बिचारे.

१९ नोव्हेंबर, दुपार
काल रात्रीचं उद्घाटन थोडक्यात लिहितो.
भाषण उत्तम झालं. ज्ञानाची साधना, पहाटेचे कष्ट वगैरे. टाळ्या. मग मामाजींनी चष्मा लावला, प्रबंध उघडला आणि बोट ठेवून माइकवर वाचायला लागले. ‘पावसाळ्याच्या सुरुवातीला साड्या अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट पोहतात.’ मला वाटलं, ओळ चुकली. ते शांतपणे पुढे गेले. ‘बोडीतील पाणी आटू लागले की साड्या चिखलात शिरतात.’ बायकांतून एकजण म्हणाली, ‘मायी साडी तं चार सालापासून पेटीत हाये, अंडं एकबी नाही.’ मांडव हसून हसून पडायला आला.
माझ्या विद्यापीठाने अनुपरावांचाच प्रबंध घेतला होता. मासे काढून तिथे साड्या टाकल्या होत्या. बाकी एक ओळ हलवली नव्हती, ऋणनिर्देशसुद्धा नाही. तो मामाजींनी शेवटी वाचला. ‘माझी पत्नी स्वाती हिने सात वर्षे दिलेली साथ मी विसरू शकत नाही.’ स्वाती म्हणजे अनुपरावांची बायको, माझी साळी. रीता पहिल्या रांगेत होती.
स्टेजला मागून उतरायला जिना आहे का, ते बघत होतो. तेवढ्यात अनुपरावांनी उठून माइक घेतला. म्हटलं, संपलं. ते म्हणाले, ‘या प्रबंधातली माहिती खरी आहे, मी स्वतः तपासली आहे. आता नाटक सुरू करू.’ आणि नारळ माझ्या हातात दिला. त्यांच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही. लाज वाटली.
नारळ मीच फोडला. दुसऱ्या फटक्यात.
रीता स्वातीला म्हणाली, ‘घेऊन जा वो तुया दुसऱ्या नवऱ्याले.’ दोघी पदर तोंडाशी धरून हसत होत्या.
पाटी पुन्हा रंगवायला पेंटरला फोन केला. तो म्हणाला, अक्षरं पुसायला जास्त मेहनत लागते.

२० नोव्हेंबर
निघण्याआधी जेवण. बोडीतल्या माशांचा रस्सा. मी मुद्दाम भिंतीकडे, शेवटच्या पाटावर बसलो. मामाजी ताट घेऊन आले. अनुपरावांना ओलांडून सरळ माझ्याकडे. पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं, वरून रस्सा वाढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘घ्या जवाईबापू, साडी घ्या. अंड्याची हाये.’