सुलभाची अ‍ॅडमिनगिरी संपवली

१० जानेवारी
ठरलं. या संक्रांतीला सुलभाची गादी घालवायची. इंद्रपुरीच्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आठ वर्षं ती एकटी अ‍ॅडमिन. हळदीकुंकू कुणाकडे, कधी, बोलवायचं कुणाला, सगळी यादी तिची. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी मला दर वर्षी घरोघरचं बोलावणं असतं. एरवी विधवेला कोण बोलावतं? पण आमचा मोहल्ला सुधारलाय. मीच सुधारला.

११ जानेवारी, चहाच्या वेळी
भाची मृणाल कॉम्प्युटरवाली. म्हणते, मावशी, नव्या इंटरनेटला मालकच नसणार, ज्याची माहिती त्याच्या घरी. वरचा भाडेकरू आशिष म्हणतो, छे, सगळ्यांना टोकन आणि टोकनवर मतदान. दोघं तासभर ‘व्हीसी, व्हीसी’ करत भांडले. तिचा व्हीसी म्हणजे आपल्याजवळ ठेवायचा ओळखीचा दाखला, त्याचा म्हणजे धंद्यात पैसे लावणारा. ह्यांच्या ऑफिसात व्हीसी असली की टीव्हीतून साहेब ओरडायचे. मी दोघांनाही बरोबर म्हटलं. मला सगळं समजलं. मालक नको, एवढंच.

१२ जानेवारी
सुलभाकडे गेले. म्हटलं, सुलभे, जगभर मालक हटवताहेत अन् तू अजून महाराणी. म्हणाली, घे बाई, सुटले एकदाची. फोन माझ्या हातात देऊन तिळाची गजक खात बसली. धक्का लपवत होती. मी अडतीसच्या अडतीस जणींना अ‍ॅडमिन केलं.

१५ जानेवारी
क्रांती झाली. ग्रुपचं नाव सकाळपासून सात वेळा बदललं. रेवतीनं सासूला काढलं. कुणीतरी सासूला परत घेतलं, तिनं रेवतीला काढलं. यादी बंद. आता जिनं तिनं आपलं आपण बोलवायचं.

१९ जानेवारी
मला अजून एकही मेसेज नाही. नेटवर्क असेल. फोन दोनदा बंद-चालू केला.

२२ जानेवारी
समोरच्या भाग्यश्रीकडून बायका वाण घेऊन निघताना दिसल्या. भाजीच्या ठेल्यावर तिला गाठलं. म्हटलं, काय गं, माझा तिळगूळ मांजरानं खाल्ला का? खाली बघत म्हणाली, काकू, सुलभाकाकू यादीत तुमचं नाव सगळ्यात वर टाकायच्या, मग सासूबाईंना काही बोलता यायचं नाही. आता यादीच नाही.
दुधी घेतला. कडू निघाला.

२५ जानेवारी, रथसप्तमी
शेवटचा दिवस. एकच बोलावणं आलं, सुलभाचं. पाचला आहे, पण लवकर ये म्हणाली, वाण मांडायला. म्हटलं, बघते, कामं आहेत.
तीनपासून तयार होऊन बसलेय. सदतीस जणींना अ‍ॅडमिनवरून एकेक करून कसं काढतात, ते मृणालला विचारून घेतलं. सहज. माहिती असावी म्हणून.