दोन बोटं आखूड

मुरूड, कार्तिक वद्य पंचमी, १९३४

तिसऱ्यांदा सुरी ओढली, सेल्युलॉइडचा तक्ता मेजाच्या काठावर दाबला आणि तुकडा कट्कन सुटला. मग कळलं, रुंदीला दोन बोटं आखूड. फोटोच्या चौकटीतली मोकळी जागा तेवढी मोजली, खाचेत जाणारी कड धरलीच नाही. कापताना सेल्युलॉइडला कापराचा वास येतो.

सुमतीच्या वर्षश्राद्धाला आलेल्या सासूबाई उद्या परत निघतील. लेकीचा फोटो नेणार आहेत. तिचा एकच आहे, आमच्या दोघांचा. होडीत काच फुटेल म्हणून मुंबईहून हा तक्ता मागवला, तोही एकच. आता चौकट लहान करायची, म्हणजे फोटोही कापायचा. एका कडेला ती बसलेली, दुसऱ्या कडेला मी उभा. कुठली बाजू?

आक्का म्हणाली, "तुझीच काप रे. त्यांना लेक हवी, भाऊराया. जावई नेऊन काय लोणचं घालतील?"

हसायला हवं होतं का? हाताला अजून कापराचा वास आहे. बाकी काही वाटत नाही.

षष्ठी. आज सकाळी माझी बाजू कापली. तिच्या खुर्चीच्या पाठीवरचा माझा हात तेवढा राहिला. तो खरवडू का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या. तिला टेकायला होईल." मग त्या आगरदांड्याहून दिघीच्या होडीत बसल्या.