उत्तरेचं दार

३ ऑक्टोबर १८६८

पुस्तकांचं कपाट सरकवलं आणि मागे दार निघालं, विटांनी बुजवलेलं. ऑल्डरविकच्या पाद्रीघरात आज आमचा दुसराच दिवस. घर गारगोटीचं, कोपरे लाल विटांचे, खिडक्या उंच. हेस्टर एकेका खोलीत जाऊन नुसती हसते. माझी अभ्यासिका उत्तरेला. तिला दोन दारं: एक घरात उघडणारं, दुसरं हे, थेट कबरस्तानाच्या वाटेवर. गावाचं दुःख पाद्र्याकडे यावं, पण घरात शिरू नये, अशी बांधणी. बांधणारा शहाणा असला पाहिजे. मी दार मोकळं करणार. हेस्टर म्हणाली, "अहो, पाळणा कुठे ठेवायचा ते आधी ठरवा." तिला सातवा महिना आहे.

६ ऑक्टोबर

विटा ॲबेल लार्टरने काढल्या. कबरी तोच खणतो, घंटाही तोच वाजवतो. म्हणाला, मागच्या पाद्रीसाहेबांनी बायको गेल्यावर दार बुजवलं. "उघडलंत खरं. आता कुणाला नाही म्हणता यायचं नाही." मी म्हणालो, ते तर माझं कामच.

१० ऑक्टोबर

दुपारी टकटक झाली. प्रवचन लिहीत होतो. मान वर न करता, सवयीने "आत या" म्हणालो. दार उघडलं, मिटलं. पाहिलं तर कुणी नाही. समोरच्या खुर्चीची गादी मात्र दबलेली होती. ती हळूहळू वर आली.

१३ ऑक्टोबर

घंटा वाजली. इथली रीत अशी: पुरुष गेला तर नऊ ठोके, बाई तर सहा, लेकरू तर तीन, मग वयाचे. सहा झाले. मग चोवीस. हेस्टर विणता विणता मोजत होती. म्हणाली, "माझ्याच वयाची कोण हो?"

गावात कुणीच गेलेलं नाही. ॲबेल म्हणाला, तुमच्याच दारातून एक बाई आली, घंटा वाजवायचा निरोप सांगून गेली.

१४ ऑक्टोबर

ॲबेल पुन्हा विटा रचतो आहे. चुना धरत नाही.

१५ ऑक्टोबर

टकटक आता दुसऱ्या दारावर. घराकडच्या — आतून, अभ्यासिकेच्या बाजूने. मी जिन्यापाशी. कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे —

हेस्टरला सांगायला हवं. टकटकीला ओ देऊ नकोस म्हणून — ती दिवाणखान्यात आहे — पाद्र्याची बायको, टकटक ऐकली की सवयीने —

"आत —

१६ ऑक्टोबर

सकाळी ॲबेलने तीनच ठोके दिले. वयाचा एकही नाही. बाईचे देऊन झालेत, म्हणाला.