फायकसची जागा

प्रिय वहिनी,

तुझं झाड जिवंत आहे, हे आधी सांगते. पानं मात्र जवळजवळ सगळी गेली. माझ्याकडे आणल्यापासून रोज सकाळी फरशीवर पानांचा सडा; वाळलेली नाहीत, चांगली हिरवी. मावशीकडे राहतेस तिथून फोनवर तू म्हणालीस, अगं, पाणी वाढव, थोडं खत घाल. यातलं मी काहीच केलं नाही. फायकसला जागा बदललेली सोसत नाही. तो पानं टाकतो. मग माणसं घाबरून पाणी ओततात, कुंडी बदलतात, या खिडकीतून त्या खिडकीत फिरवतात, आणि झाड मरतं ते या उपचारांनी. मी मातीत बोट घालून बघते, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी देते. उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. एकदा ठेवलं तिथून हलवायचं नाही.

हे मी तुला तुमच्या घरीही किती वेळा सांगितलं होतं. दर खेपेला झाड अर्धं बोडकं. तू म्हणायचीस, पाणी जास्त झालं बाई. दादा हसायचा, "तुझी एवढी शिकलेली नणंद, आणि तिलाही एक रोप जगवता येईना!" मी माती तपासली, मुळं तपासली, पंख्याचा वारा तपासला. सगळं ठीक. मग लक्ष फरशीकडे गेलं. कुंडीच्या बुडाचे गोल डाग सोफ्यामागे होते, दाराशी होते, टेबलाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यातसुद्धा होते. खिडकीपाशी एकही नव्हता. तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा मी कुंडी सरकवली, आणि मग बाकीच्या डागांपुढचं फर्निचरही.

माझं काम तुला माहीत आहे. प्रयोगशाळेत आम्ही सिमेंटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडतो आणि तडे वाचतो. कशानं फुटलं, कुठून, किती जोरात, हे तडा सांगतो. सोफ्यामागे भिंतीत मूठ बसली होती, प्लास्टर फोडून विटेपर्यंत. दाराशी खुर्चीचा पाय. टेबलाजवळचा खळगा उथळ आणि रुंद होता, माझ्या हनुवटीच्या उंचीवर. माझ्या हनुवटीपर्यंत तुझं डोकं येतं. खळग्यात केस चिकटले होते. पर्समध्ये पट्टी घेऊन फिरते म्हणून तू मला मोजपट्टी म्हणतेस ना, तीच पट्टी लावून मी फोटो काढले आणि सगळं होतं तसं ठेवलं. तू कप पुढे करून विचारलंस, साखर बरोबर आहे ना गं?

तुझा हात मोडला त्या दिवशी भिंतीला काही झालं नव्हतं. त्यानं कुंडीच उचलून तुझ्यावर घातली होती. मी दार ढकललं तेव्हा तू मातीत पडली होतीस. मोडलेल्या फांद्यांतून पांढरा चीक गळत होता, तुझ्या कोपरातून रक्त, आणि दोन्ही एकाच फरशीवर पसरत होतं. दादा मला म्हणाला, "बघ, हिला साधं झाड सांभाळता येत नाही," आणि पुन्हा तुझ्या बरगडीत लाथ घालायला वळला. मी लोखंडी स्टूल त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड वाजल्याचं ऐकलं. मला बरं वाटलं. तुला आणि झाडाला एकाच गाडीत घालून निघाले.

काल तू फोनवर म्हणालीस, मोजपट्टी, झाड त्याच्या जागेवर नेऊन ठेव, रविवारी मी घरी जातेय. तुझा दादा बदललाय गं, सगळे खळगे बुजवून त्यानं भिंती रंगवून घेतल्यात. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. मी खोड नखानं खरवडून पाहिलं, आत ओलं हिरवं आहे. एका फांदीला कोंब धरलाय. फोटो पोलिसांकडे दिलेत, माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध जबाब दिलाय, आणि तू काहीही ठरवलंस तरी तो मागे घेणार नाही. माझ्याकडे खिडकीच्या खोलीत तुझी खाट लावली आहे. झाड मात्र तुमच्या घरी परत नेणार नाही. नेऊन ठेवू तरी कुठे? भिंती आत्ता कोऱ्या आहेत. झाकायला तिथे अजून काही नाही.

तुझीच,
मोजपट्टी