पंधराच्या प्लेटचं खरं वजन

प्रिय भाऊजी,

तुम्हाला जाऊन जेमतेम दोन महिने झाले. एवढ्यात भांडण उकरायला नको होतं. पण काल तुमच्या व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा वाशीच्या कांदा मार्केटात काट्यावर घालून आले, आणि आता गप्प बसवत नाही.

"बाई, ह्यात कांदा कुठंय?" तिथला माथाडी हमाल विचारत होता. काय सांगू? मयत दिराची चौकशी चालू आहे म्हणून?

कारण तुमची लाडकी पुतणी. प्राजू रविवारच्या वेटलिफ्टिंगच्या राष्ट्रीय निवड चाचणीतून नाव काढून घेते म्हणतेय! तुमच्याकडे सरावात नव्वद किलो, स्पर्धेत पंच्याण्णव, असंच चालायचं तिचं. "स्टेजवर तुज्या अंगात येतंय बघ, पोरी," हे तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत ना? आता नव्या कोचने पंच्याण्णव लावले की हात आखडतात. "आई, काका समोर असले की व्हायचं ते. आता नाही होणार."

मी आयुष्यभर वर्गात तर्कशास्त्र शिकवलं, धूर दिसला की अग्नी असणारच. पाच किलो आकाशातून पडत नाहीत, एवढं मला कळतं.

रबाळ्याच्या कारखान्यातून ओतून आणलेल्या, काळा रंग फासलेल्या, एकही आकडा नसलेल्या प्लेटा! विचारलं तर म्हणायचात, "वैनी, लोखंडाला नाव कशाला पायजे?" बार भरताना कुणाला हात लावू देत नव्हतात. माझे डोळे तेव्हाच बारीक झाले होते.

तुमची 'पंधराची' प्लेट साडेसतरा भरली. तिची जोडीदारही. म्हणजे पोर रोज पंच्याण्णवच उचलत होती, आणि तुम्ही नव्वद सांगत होतात! स्पर्धेत तेच वजन वर गेलं की तिला वाटायचं, आज आपण वाढलो. दुसऱ्या दिवशी कशी धावत यायची सरावाला!

हे मुद्दाम केलंत, की ओतकाम चुकलं आणि तुम्ही ते हुशारी म्हणून खपवलंत? मला दोन्हीचा संशय आहे. पण आपल्या मागे तिचं काय, हे एकदाही मनात आलं नाही? तिला बळ दिलंत आणि किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन गेलात!

पाया पडावं म्हटलं, तर वयाने धाकटे. शास्त्रात बसत नाही.

उद्या प्राजूला त्याच काट्यापाशी नेणार आहे. प्लेटा तीच चढवील, आकडा तीच वाचील. तुमची लबाडी उघडी पडेल, लाडका काका दोन पायऱ्या खाली येईल. येऊ दे. ते पंच्याण्णव किलो तुमचे नव्हते, तिचे होते, आणि रोजचे होते, एवढं तिला कळू दे.

रविवारी तुमच्या जागी मी उभी राहीन. 'अंगात येतंय' असं मात्र ओरडणार नाही. "रोजचंच आहे गं," एवढंच म्हणेन. वचन.

तुमची संशयी वहिनी,
सुमती