डावा हातमोजा

ती. सिल्वीताई यांस,

कोर्पेलाहून तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे एन्सिओचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? आणि तुरो कसा आहे? खातो-पितो ना? अंगावरचे केस दाट आहेत ना? गळतात का? तुमच्या इमारतीत उष्णता फार असते, त्यामुळे कुत्र्याचे केस लवकर गळत असतील असं मला आपलं वाटलं. (गुडघ्याचंही जरूर कळवा.) फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात येईल. आमचा फोन स्वयंपाकघरात आहे आणि माइरेही दिवसभर तिथेच असते, एवढंच कारण.

यंदा तळ्यावरचा बर्फ उत्तम धरलाय. भोक पाडायचं गिरमिट दांड्यापर्यंत आत जातं तेव्हा कुठे पाणी लागतं. तुम्ही शहरात राहायला गेलात, तरी बर्फावर बसून गळ टाकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या वडिलांनी तुम्हा दोघी बहिणींना याच तळ्यावर बसवलं होतं. पण हात कसे सांभाळावेत याबद्दल लोकांमध्ये अजून फार अज्ञान आहे. लोक थंडीला घाबरतात. थंडी हाताचं काही वाकडं करत नाही, हात जातो तो ओलाव्याने. मासा गळावरून सोडवायचा तो उघड्या हाताने, लगेच कमरेला बांधलेल्या फडक्याला हात कोरडा पुसायचा आणि मगच मोज्यात घालायचा. काढलेला मोजा कोटाच्या आत छातीशी ठेवायचा. बर्फावर कधीही, कोणत्याही कारणाने ठेवायचा नाही. रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचो तेव्हापासून हे मी ऐकेल त्याला सांगत आलोय (न ऐकणाऱ्यालाही).

आता मोज्यांचा विषय निघालाच आहे, तर माइरेने मला विणून दिलेले ते करडे हातमोजे तुम्हाला आठवत असतील. चार बोटांना एक घर आणि अंगठ्याला वेगळं, मनगटावर तुमच्या आईची ती पांढरी नक्षी. लोकर मेंढीची, पण निम्मे केस तुमच्या तुरोचे. असे हातमोजे दुकानात मिळत नाहीत. ओले झाले तरी पिळून पुन्हा घालावेत, ऊब जात नाही. ते विणले त्या हिवाळ्यात तिची बोटं आखडायला लागली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटचा टाका घालून तिने सुया कपाटात ठेवल्या आणि मला म्हणाली, "हे शेवटचे. जपून वापर." माइरे अशी वाक्यं उगाच बोलत नाही. त्या दिवसापासून ते मोजे मी स्वतःच्या हातांपेक्षा जास्त जपले.

हे सगळं सांगितल्यावर पुढचं सांगणं जरा जड जातं. गेल्या आठवड्यात वारा उत्तरेचा होता आणि माझ्या अळ्या गारठायला लागल्या. गळाला लावायच्या अळ्या कडक झाल्या की मासा तोंड लावत नाही. ओस्मो (आमचा शेजारी, तुम्ही त्याला ओळखता, आमच्या लग्नात तुमच्या झग्यावर कॉफी सांडणारा) त्या खालच्या ओठाआड दाबून ठेवतो आणि तसाच गप्पाही मारतो. मला ते जमत नाही. म्हणून मी अळ्यांची पत्र्याची डबी, जिच्यात शिशाची वजनंही असतात, डाव्या हातमोज्यात सरकवली आणि मोजा भोकाच्या कडेला ठेवला. म्हणजे हात माझा उघडा आणि अळ्या तुरोच्या लोकरीत. त्या क्षणी मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. तेवढ्यात गळाला ओढ बसली, चांगली दांडगी, मी उठलो आणि माझ्याच बुटाची ठोकर मोज्याला लागली. तो भोकात गेला. रिकामा असता तर तरंगला असता. डबीमुळे सरळ तळाला गेला.

मी आडवा पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हाताला काहीच लागलं नाही, मासाही सुटला. माझ्यापासून थोड्याच अंतरावर ओस्मो बसला होता. त्याने हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "गळाला काही लागलं का?" मी पोटावर पालथा, दंड पाण्यात, दाढीला बर्फ. म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं." एवढंच संभाषण झालं. पण ज्याला काही लागत नाही तो असा पालथा पडत नाही, असा हिशेब त्याने केला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचायच्या आत हा गृहस्थ माझ्या भोकावर! माझ्या! दुसऱ्याच्या भोकावर बसणं हे दुसऱ्याच्या पलंगावर झोपण्यासारखं आहे, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. मी लांब जाऊन बसलो आणि तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी तो घरी येऊन माइरेच्या हातात एक पिशवी देऊन गेला. मासे असतील. लाज वाटली असेल. ते मासे काही माझ्या ताटात आले नाहीत, मांजराने खाल्ले म्हणे.

तेव्हापासून मी डाव्या हातासाठी नाना प्रयोग केले. भांडी घासायचा रबरी मोजा, आत लोकरीचा पायमोजा: पाणी बाहेर राहतं, पण घाम आतच साचतो आणि थोड्या वेळात आपलीच ओल आपल्याला चावते. खिशात गरम उकडलेला बटाटा: उत्तम, पण भूक लागली की मी तो खातो. ब्रेडची प्लास्टिकची पिशवी: हात हलवला की इतकी वाजते की मासे तर जातातच, ओस्मोही मान वळवून बघतो. पूर्वी मी अंधार पडेपर्यंत बसायचो. आता दुपार होत नाही तोच डावा हात लाकूड होतो आणि मुकाट्याने घरी यावं लागतं. मग माइरेबरोबर माशाचं दुधातलं सार प्यायला बसतो. ती हल्ली जेवताना फार बोलते. परवा तर गाणं गुणगुणत होती. मला वाटतं तिला संशय आलाय.

दिसू नये म्हणून मी काळजी घेतोय. घरी आल्यावर चुलीवरच्या दांडीला उजवा मोजा वाळत घालतो आणि शेजारी एक करडा पायमोजा, अंगठ्याच्या जागी दोरा बांधून. लांबून काही कळत नाही. पण ताई, रात्री ती बोटांना मलम चोळत बसते तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. तिच्या हातचं शेवटचं काम होतं ते, आणि मी ते अळ्यांना पांघरायला दिलं.

असो. तुरोला माझा नमस्कार.

तुमचा,
एन्सिओ

ता. क. तुमच्या आईची ती नक्षी तुम्हालाही येते, हे मला माहीत आहे. एक डावा हातमोजा विणून पाठवाल का? उजव्याची जरूर नाही. अंगठा जरा रुंद असावा.

ता. क. त्यात तुरोचे केस हवेतच. हिवाळ्यात गळत नसतील तर थोडे विंचरून काढा, त्याचं काही बिघडणार नाही. पार्सलवर माझंच नाव घाला आणि आत काहीतरी दुसरंही ठेवा, म्हणजे विचारलं तर सांगता येईल.

ता. क. हे पत्र माइरेच दुकानाकडे जाताना पेटीत टाकणार आहे. तिला सांगितलंय की तुरोच्या तब्येतीची चौकशी करतोय, आणि ते खोटं नाही. पाकीट मी घट्ट चिकटवलंय.

ताई, मी माइरे. पाकीट किटलीच्या वाफेवर ठेवलं, लगेच सुटलं. याच्याकडे लक्ष देऊ नकोस आणि बिचाऱ्या तुरोला विंचरू नकोस. त्या पिशवीत मासे नव्हते. ओस्मोच्या गळाला तो मोजा अडकून वर आला, डबीसकट. तो अख्खा दिवस तिथे मोठ्या माशासाठी बसला होता, त्यामुळे फार नाराज होता. मोजा धुऊन, वाळवून माझ्या सुयांशेजारी कपाटात ठेवलाय, एकही टाका सुटलेला नाही. हा दांडीला तो पायमोजा इतक्या निगुतीने लटकवतो की हसू लपवायला मला लाकडाच्या खोलीत जावं लागतं. नोकरी सुटली तसा हा दर हिवाळ्यात तळ्यावरच राहायला गेला होता, आणि मी इथे एकटीच जेवत होते. आता रोज दुपारी घरी असतो. एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ वितळेल तेव्हा मोजा देईन. तोवर याला लिही की लोकर संपली आहे.