एंपायर हॉलमध्ये मी होतो

२ सप्टेंबर २००९, हडर्सफील्ड

आलो एकदाचा! ट्रकवाल्यांनी माझ्या बायकोची, डोरीनची, खुर्ची जिन्यात अडकवून दहा मिनिटं एकमेकांना शिव्या घातल्या, पण बाकी सामान धडधाकट पोचलं. दोन खोल्या साठीच्या विधुराला पुष्कळ झाल्या. खाली बेकरी आहे, त्यामुळे सकाळी गजराची गरज नाही, वासानेच जाग येते. रस्त्याच्या टोकाला कामगारांचा जुना क्लब आहे. हेझल लीड्सला, गाडीने अर्ध्या तासावर. लेस्टर सोडलं ते तिच्यासाठीच. लेक जवळ असली की म्हातारपण निम्मं होतं. तिचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, आता तुझी सुटका नाही, दर शनिवारी माझ्या हातचं बेचव जेवायचं. फार बरं वाटलं.

६ सप्टेंबर, रविवार

क्लबच्या माडीवर दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर आयर्न हेरनचे चाहते जमतात. आमच्या तरुणपणी त्या बँडने इंग्लंडभर कानठळ्या बसवल्या होत्या. त्यांचे सगळे रेकॉर्ड माझ्याकडे आहेत, म्हणून आनंदाने गेलो. सात-आठ पिकली डोकी बसली होती, आणि त्यांच्याकडे एकच टेप. इथल्या एंपायर हॉलमधला कार्यक्रम कुणीतरी कोटाखाली यंत्र लपवून उतरवून घेतला होता. हॉल कधीच पाडला, आता तिथे गाड्या लावतात.

ही मंडळी गाणी ऐकतच नाहीत, स्वतःला ऐकतात. ट्रेव्हर, निवृत्त बस ड्रायव्हर, बोट वर करून म्हणाला, हा खोकला माझा. टेप ग्लेनिसच्या ताब्यात असते. तिने सांगितलं, ही किंकाळी माझी, ढोलवाल्याची काठी कपाळावर बसली होती. ट्रेव्हर म्हणाला, बाई, तू तर खाटकाकडे भाव ऐकूनही अशीच किंचाळतेस. दुसरं गाणं संपलं की गायक विचारतो, आज कोण कोण आलंय? टेपमधला हॉल गरजतो, आणि त्याबरोबर माडीवरची म्हातारीकोतारी उभी राहून ओरडतात, मी आलोय! हा त्यांचा रिवाज.

मग मला विचारलं. खरं तर हेरनला मी प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही. पण ही थाप प्रत्येक चाहत्याने मारलेली असते. ‘मी तिथे होतो’ म्हणणारे सगळे खरंच गेले असते तर हॉल गावाएवढा लागला असता. खोटं बोल पण रेटून बोल. म्हणालो, लेस्टरहून खास बसने आलो होतो. ट्रेव्हरने बिअर पाजली.

घरी येताना टेपवर लिहिलेली तारीख लक्षात आली. ९ नोव्हेंबर १९७२. त्याच रात्री हेझल जन्मली! मी लेस्टरच्या इस्पितळात नखं खात बसलो होतो, आणि नर्सने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा ती नुकत्याच भाजलेल्या पावासारखी ऊबदार लागली होती. एकटाच हसलो.

१२ सप्टेंबर, शनिवार

हेझलकडे जेवलो. तिला थापेची गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, आईनेही हेच सांगितलं होतं, बाबा. तू कार्यक्रमाला गेलास आणि सकाळी उगवलास. मी म्हटलं, काहीतरीच काय, मी तुला हातात घेतलं होतं. तिने माझ्या हातावर थोपटलं. जाऊ दे रे, जुनं भांडण आहे, म्हणाली. डोरीन कधी खोटं बोलत नसे. मला हे मुळीच आवडलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

आज ग्लेनिसने टेप थांबवली, मागे फिरवली, पुन्हा लावली. मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडतो, मोठ्याने वाजवा की! ती मला म्हणाली, लेस्टरवाल्या, हा तू.

मीच होतो. माझाच तेव्हाचा फाटका आवाज.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी कोण होतं, काय पाहिलंस, सांग की गड्या, म्हणाले. मी सांगितलं. रचून नव्हे. ओल्या लोकरी कोटांचा वास आला, बिअरने चिकट झालेली फरशी बुटाला लागली. सांगत गेलो तसं आठवत गेलं. घरी येऊन नर्सचा चेहरा आठवून पाहिला. आला नाही.

१६ सप्टेंबर

हेझलला फोन केला. फार सभ्यपणे बोलली. आईने तिला एकटीने वाढवलं, मी फक्त नाताळला खेळणी घेऊन यायचो, म्हणाली. शनिवारी येण्याची गरज नाही, म्हणाली. रडू यायला हवं होतं. मी चहा केला.

२० सप्टेंबर, रविवार

खरं सांगून टाकलं. मी तिथे नव्हतो, माझी मुलगी जन्मत होती. कुणी रागावलं नाही. ट्रेव्हर हसला. अरे बाबा, सगळे आधी हेच म्हणतात! तो स्वतः त्या रात्री फौजेत होता म्हणे, जर्मनीत. निदान तसं तो पूर्वी म्हणायचा. ग्लेनिस बहिणीच्या लग्नात होती. मी बहिणीचं नाव विचारलं. तिने जरा विचार केला, मला बहीण होती का, असं ट्रेव्हरलाच विचारलं, आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

ग्लेनिस म्हणाली, गायक विचारतो तेव्हा जो गप्प बसेल तो सुटेल. एवढं सोपं आहे. पण आपलाच आवाज त्या टेपच्या आत ओरडत असतो ना राजा, त्याला एकटा कसा सोडशील?

मी भ्यालो. आज खरंच भ्यालो.

२३ सप्टेंबर

हेझलने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, तुझा बाप. ती म्हणाली, माझा बाप मी जन्मले त्या रात्री कसल्याशा कार्यक्रमाला गेला, तो घरी परत आलाच नाही. तुम्ही जे कुणी असाल, कृपा करून पुन्हा फोन करू नका.

तुम्ही, म्हणाली.

रिसीव्हर धरून बसलो. आत काही हललं नाही. दाढ काढताना गाल बधिर होतो तसं. रविवारी गप्प बसायचं. तोंडात रुमाल कोंबेन. हेझलसाठी. बस.

२५ सप्टेंबर

या गावात मी का आलो? हेरनसाठीच असणार. दुसरं काय आहे इथे.

त्या रात्री पाऊस होता. बस उशिरा— तरी दुसरं गाणं मिळालं.

२७ सप्टेंबर, रविवार

वही माडीवर आणली आहे. लिहीत राहिलो तर तोंड बंद राहील.

पहिलं गाणं. ट्रेव्हर खोकला— दोन्हीकडे.

गप्प बसायचं आहे. हे पक्कं ठाऊक आहे. रुमालही आणलाय.

दुसरं गाणं. किती छान वाजवतात. फरशी चिकट आहे. बूट निघत नाही—

कुणासाठी गप्प बसायचं होतं? मुलीचं नाव होतं. कुणाच्या मुलीचं—

असो. फार काही वाटत नाही.

गाणं संपलं. सगळे उठले. माझ्याकडेच पाहताहेत, प्रेमाने. रुमाल खाली ठेवला.

विचारतोय तो. आज कोण कोण—

मी